मागणी नोंदवहीत आपलेही नाव हवे

गेल्या रमजानमधली गोष्ट. असरची नमाज झाली होती आणि इफ्तारला अजून दीड तास होता. आमच्या मोठ्या खाला स्वयंपाकघरात भज्यांचे पीठ भिजवत होत्या. भिजवता भिजवता त्यांचे हात थरथरू लागले, अंगाला दरदरून घाम फुटला आणि त्या काहीतरी असंबद्ध बोलू लागल्या. घरात धावपळ उडाली. कुणी म्हणाले, "रोजा लागलाय, वारा घाला." कुणी म्हणाले, "जरा पडू द्या, अजान होईपर्यंत निघेल वेळ."

खालांची नात तेवढी शहाणी. तिने कपाटातून साखर मोजायचे यंत्र काढले. पण खालांनी हात मागे ओढला. "बोट टोचलं, रक्त आलं, की रोजा तुटतो. मोबाइलवर आलं होतं," असे त्या त्याही अवस्थेत सांगत होत्या. शेवटी नातीने जबरदस्तीने बोट टोचले. यंत्रावर आकडा आला ४८. साखरेचे पाणी पाजून त्यांना रिक्षात घातले आणि दवाखाना गाठला. अल्लाहच्या कृपेने खाला वाचल्या. डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "रमजानच्या आधी गोळ्यांबद्दल कुणाला विचारलं होतं का?"

आम्ही सगळे गप्प. विचारले नव्हते. सकाळच्या नाश्त्याबरोबर घ्यायची गोळी खालांनी सहरीला घेतली होती, तीही पूर्ण. पुढे दिवसभर पोटात काही नाही, आणि गोळी मात्र आपले काम करत राहिली. वीस वर्षे मधुमेह असलेल्या बाईला आणि चार पदवीधर असलेल्या तिच्या घराला एवढी साधी गोष्ट ठाऊक नव्हती. फॉरवर्ड होऊन आलेला चुकीचा निरोप मात्र सगळ्यांना पाठ होता.

ईद झाल्यावर आम्ही ठरवले की या विषयावर मराठीत नीट लिहिलेले काहीतरी शोधायचे. खालांना उर्दू वाचता येत नाही, इंग्रजीचा प्रश्नच नाही. त्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या. म्हणून आम्ही पेठेतल्या एका सार्वजनिक वाचनालयात गेलो. आरोग्याचे कपाट होते. त्यात योगासने होती, आजीबाईचा बटवा होता, वजन घटवण्याचे उपाय होते, मधुमेहावरही दोन-तीन पुस्तके होती. रोज्याचा उल्लेख एकातही नव्हता. आम्ही ग्रंथपालबाईंना विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "आजवर असं कुणी मागितलंच नाही हो." आणि त्यांनी एक जाडसर वही पुढे सरकवली. वाचकांनी मागवलेल्या पुस्तकांची ती मागणी नोंदवही.

आम्ही ती मागे मागे चाळत गेलो. कादंबऱ्या, स्पर्धा परीक्षांची पुस्तके, किल्ल्यांची माहिती, पाककृती. वर्षभराच्या पानांत आरोग्याची मागणी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. आणि आमच्या मोहल्ल्यातले एकही नाव नाही. वाचनालय आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. राग कुणावर काढायचा? मागितलेच नाही, तर कपाटात येणार कुठून?

माहिती होती, घरी पोचली नव्हती

खालांना जे झाले त्याबद्दल जगाला काहीच माहीत नव्हते असे नाही. २००१ मध्ये १३ देशांतल्या १२ हजारांहून अधिक मधुमेही मुस्लिमांचा एक मोठा अभ्यास झाला. आपल्याकडे सर्वसाधारणपणे आढळणारा मधुमेह, ज्याला टाइप २ म्हणतात, तो असलेल्यांपैकी सुमारे ७९ टक्के लोकांनी रमजानमध्ये किमान पंधरा दिवस रोजे ठेवल्याचे सांगितले. त्यांच्यात साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाण्याचे प्रमाण इतर महिन्यांच्या मानाने साडेसात पट झाल्याचे दिसले. पुढे आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघ आणि मधुमेह व रमजान या विषयावर काम करणारी जागतिक आघाडी यांनी मिळून २०१६ मध्ये डॉक्टरांसाठी मार्गदर्शिका काढली. २०२१ मध्ये ती सुधारून पुन्हा काढली. ती करताना धर्माच्या जाणकारांचे मतही विचारात घेतले गेले.

त्या मार्गदर्शिकेतल्या चार गोष्टी इथे सांगतो. पहिली, रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटून गोळ्यांच्या आणि इन्सुलिनच्या वेळा व मात्रा ठरवून घ्यायच्या. मनाने गोळी बंद करायची नाही आणि मनाने पुढे-मागेही करायची नाही. दुसरी, बोट टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही. तिसरी, साखर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर गेली, तर घड्याळाकडे न बघता रोजा सोडायचा. चौथी, सगळे मधुमेही सारखे नसतात. काहींना थोडी काळजी घेऊन रोजे झेपतात, काहींनी ठेवूच नयेत. आजाऱ्याला दीनमध्येच सवलत आहे, हे आपल्या घरात लहान मुलालाही ठाऊक असते. ती सवलत नेमकी कुणाला लागू होते, हे ठरवायला मात्र डॉक्टर लागतो.

ही माहिती खालांच्या घरी पोचायला एक रुपयाही खर्च आला नसता. ती कुठल्या तरी इंग्रजी कागदावर होती आणि खाला भवानी पेठेत होत्या. मधला पूल नव्हता.

रक्त आपले, निष्कर्ष कुणाचा?

पुणे हे आरोग्य-संशोधनाचे शहर आहे, हे आपण कधी लक्षात घेतो का? राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था, म्हणजे एनआयव्ही, १९५२ पासून इथे आहे. एड्सवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था १९९२ पासून भोसरीत आहे. जगभर जाणाऱ्या लसी हडपसरला तयार होतात. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला. त्यातून असे दिसले की आपली बाळे जन्मतः वजनाने कमी असतात, पण त्यांच्या अंगात चरबीचे प्रमाण त्या मानाने जास्त असते. दिसायला बारीक, आतून चरबी. याच अभ्यासात पुढे दिसले की ज्या आईच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी आणि फॉलेट जास्त होते, तिच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच मधुमेहाकडे नेणारी लक्षणे अधिक होती. जगभरच्या वैद्यकीय ग्रंथांत आज या बायांच्या गावांचा अभ्यास शिकवला जातो. आपल्या घरातल्या गरोदर सुनेला मात्र बी-१२ हा शब्द चिठ्ठीवर दिसला, तर मेडिकलवाल्याला विचारावे लागते.

त्याहून जवळचे उदाहरण करोनाचे. २०२० च्या जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यातल्या पाच प्रभागांत १,६६४ लोकांच्या रक्ताची तपासणी झाली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, आयसर आणि इतर संस्थांनी ती केली. निष्कर्ष असा निघाला की निम्म्याहून अधिक, म्हणजे ५१.५ टक्के लोकांना विषाणूची लागण होऊन गेली होती. लोहियानगर-कासेवाडीत हे प्रमाण सर्वांत जास्त, ६५ टक्क्यांच्या पुढे होते. झोपडपट्टीत जास्त, सामायिक शौचालय वापरणाऱ्यांत जास्त. म्हणजे दोष कुणाच्या जातीचा, धर्माचा नव्हता. दोष दहा बाय दहाच्या खोलीचा आणि पन्नास माणसांमागे एका संडासाचा होता. त्या वर्षी एप्रिलमध्ये ज्यांनी आमच्याकडे बोट दाखवले होते, त्यांना देण्यासारखे याहून चांगले उत्तर नव्हते. पण कासेवाडीतल्या ज्यांनी दंड पुढे करून रक्त दिले, त्यांच्यापैकी कितीजणांना हा निष्कर्ष त्यांच्या भाषेत, त्यांच्या गल्लीत कुणी सांगितला? बातमी आली, गेली. कागद कुठे वाचायला ठेवला गेला नाही.

माहिती पोचली नाही की तिची जागा अफवा घेते. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात आरोग्याचे हुकूम शिपायांच्या बुटांबरोबर घरात शिरले. समजावून सांगणारे कुणी नव्हते, म्हणून लोक आजारी माणसे लपवू लागले, घरे सोडून पळू लागले. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, नांदेड, किरकिटवाडी भागात गुलियन-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले, तेव्हाही तेच. संशय दूषित पाण्यावर होता आणि काही रुग्णांच्या नमुन्यांत पोटाच्या आजाराचे जंतू सापडले होते. पाणी उकळून प्या आणि कोंबडी पूर्ण शिजवून खा, एवढा साधा सल्ला. पण त्याचा निरोप होता होता "कोंबडीच खाऊ नका" असा झाला. आमच्या ओळखीच्या एका चिकनवाल्याने तीन आठवडे जवळजवळ रिकामे दुकान सांभाळले. नीट शिजवलेल्या कोंबडीत तो जंतू टिकत नाही, एवढी एक ओळ त्याच्या दुकानावर मोठ्या अक्षरांत लागली असती, तर त्या माणसाच्या घरची चूल विझायची वेळ आली नसती.

वाचनालय काय करू शकते

पुण्याचे जुने ग्रंथालय, आजचे पुणे नगर वाचन मंदिर, १८४८ मध्ये लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांच्या पुढाकाराने सुरू झाले. त्याच वर्षी भिडे वाड्यात फुले दांपत्याची मुलींची शाळा सुरू झाली. म्हणजे या शहराला वाचनालयाचे आणि मुलींच्या शाळेचे वय एकच. १९६७ मध्ये महाराष्ट्राने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. त्याच्या आधारे आज राज्यात अकरा-बारा हजार ग्रंथालयांना सरकारी अनुदान मिळते. हे अनुदान तुमच्या-आमच्या पैशाचे आहे. तरीही ग्रंथालय म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर येतात ती सकाळी पेपर वाचायला बसलेली पुरुष मंडळी.

ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये पाच नियम सांगितले. त्यांतल्या दोहोंचा अर्थ असा की प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. खालांचे पुस्तक कपाटात नव्हते आणि खाला वाचनालयात नव्हत्या. दोन्ही नियम एकाच वेळी मोडले होते.

बाहेर काय चालते ते बघा. इंग्लंडमध्ये २०१३ पासून अशी योजना आहे की डॉक्टर औषधाबरोबर पुस्तकाचीही चिठ्ठी देतात. ते पुस्तक जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयात फुकट वाचायला मिळते, आणि यादीतली पुस्तके तज्ज्ञांनी तपासून निवडलेली असतात. अमेरिकेतल्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने १९९८ मध्ये सामान्य रुग्णांसाठी सोप्या भाषेतली माहिती खुली केली. दहा लाख लोकांच्या आरोग्याचा एक मोठा अभ्यास तिथे सुरू झाला, तेव्हा या ग्रंथालयाने गावोगावच्या सार्वजनिक ग्रंथालयांना सोबत घेतले. कारण साधे होते. ज्यांना दवाखान्याची आणि सरकारची भीती वाटते, ते लोक मोहल्ल्यातल्या ग्रंथालयात निर्धास्त येतात. आपल्याकडेही मुंबईत फोर्ट भागात डॉ. अनिरुद्ध मालपाणी यांनी रुग्णांसाठी आरोग्याचे मोफत ग्रंथालय उभे केले. म्हणजे हे आपल्याला न जमणारे काम नाही.

ग्रंथपाल हा डॉक्टर नव्हे. "माझी गोळी बंद करू का?" याचे उत्तर त्याने देऊ नये, आणि आपण त्याला विचारूही नये. त्याने एवढेच करावे की तपासलेली माहिती आणि आपण यांची गाठ घालून द्यावी. एक कपाट, त्यावर "आरोग्य : विश्वासाची माहिती" अशी पाटी. त्यात मधुमेह, रक्तदाब, क्षयरोग, गरोदरपण, मुलांच्या लसी यांवरची ताजी मराठी पुस्तके. आरोग्य विभागाची पत्रके. महिन्यातून एकदा एखाद्या डॉक्टरबाईंबरोबर तासभर बैठक, दुपारी, म्हणजे घरातल्या बायांना येता येईल. आणि पुण्यात एखादा अभ्यास पूर्ण झाला, की त्याचा निष्कर्ष एका पानात, सोप्या मराठीत, सूचनाफलकावर. याला इमारत लागत नाही. मागणी लागते.

वाचण्याआधी पारखून घ्या

कपाटातले पुस्तक असो की मोबाइलवरचा निरोप, आम्ही आता घरात पाच प्रश्न विचारतो. हे कुणी लिहिले आहे, नावानिशी? कधी लिहिले? कारण औषधांची माहिती जुनी होते. लिहिणाऱ्याला काही विकायचे आहे का? हे एका माणसाच्या अनुभवावर आहे की पुष्कळ लोकांच्या अभ्यासावर? आणि आपले डॉक्टर याबद्दल काय म्हणतात? "सगळ्यांना पाठवा" असे लिहिलेला निरोप यांतल्या पहिल्याच प्रश्नाला अडखळतो. दीनचे नाव पुढे करून आलेल्या वैद्यकीय निरोपालाही हीच चाळणी लावा, बहुधा जास्तच बारीक लावा.

आणखी एक गोष्ट. उद्या तुमच्या दारात कुणी अभ्यासासाठी आले, रक्त मागितले, किंवा दवाखान्यात "नवीन औषधाची चाचणी आहे, भाग घेता का?" असे विचारले, तर घाबरून दार लावू नका आणि न वाचता अंगठाही देऊ नका. नवीन औषधांच्या चाचण्यांसाठी २०१९ चे नियम आहेत. चाचणीची माहिती तुम्हाला समजेल अशा भाषेत मिळाली पाहिजे. वाचता येत नसेल तर तटस्थ साक्षीदारासमोर समजावली गेली पाहिजे. सही केलेल्या कागदाची प्रत तुमच्या हातात आली पाहिजे. तुम्ही कधीही नाही म्हणू शकता, मधेच बाहेर पडू शकता, आणि त्यामुळे तुमचा नेहमीचा उपचार थांबवता येत नाही. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत. देशात होणाऱ्या चाचण्यांची सरकारी नोंदवही २००७ पासून आहे आणि १५ जून २००९ पासून त्यात नोंद करणे सक्तीचे झाले आहे. ती नोंद वाचनालयातल्या संगणकावर कुणालाही बघता येते. हे हक्क जपणे का गरजेचे आहे? कारण २००९ मध्ये आंध्र आणि गुजरातमध्ये मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस देण्याचा एक प्रकल्प झाला, त्यात अनेक मुलींच्या संमतीपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. पुढच्या वर्षी तो प्रकल्प थांबवावा लागला. लस वाईट नव्हती. विचारण्याची रीत वाईट होती. त्यातून लोकांच्या मनात लसीबद्दलच जी भीती बसली, तिची किंमत कोण मोजणार?

या महिन्यात एवढे करा

वाचकहो, या वेळी आम्ही तुमच्याकडे तीन कामे मागतो. पहिले, घरातल्या एका तरी बाईच्या नावाने जवळच्या सार्वजनिक वाचनालयाचे सभासदत्व घ्या. मुलाच्या नावाने नको, बाईच्याच नावाने. दुसरे, तिथली मागणी नोंदवही मागा आणि तुमच्या घरात जो आजार आहे त्यावरच्या मराठी पुस्तकाची मागणी लिहा. "असे पुस्तक नसेल" असे समजून परत येऊ नका. पुस्तक नसले तरी मागणी राहते. पाच जणांनी तीच मागणी लिहिली, तर तिच्याकडे दुर्लक्ष करणे अवघड जाते. तिसरे, ज्यांना इंग्रजी येते त्या आपल्या मुला-मुलींना बसवा. वर सांगितलेल्या मार्गदर्शिकेसारखी दोन पाने ते मराठीत आणतील, मोहल्ल्यातले डॉक्टर ती तपासतील, आणि वाचनालयाबरोबरच मशिदीच्या फलकावरही ती लागतील. जुम्म्याच्या दिवशी जेवढे डोळे त्या फलकाकडे जातात, तेवढे कुठल्याच पुस्तकाला मिळत नाहीत. करोनात याच पुण्यात आझम कॅम्पसच्या मशिदीची जागा विलगीकरणासाठी देऊ केली गेली होती. मग फलकावर एका कागदापुरती जागा मिळणार नाही का?

आमच्या खालांचे सांगायचे राहिले. आम्ही त्या नोंदवहीत आमची मागणी लिहिली तेव्हा नावाच्या रकान्यात त्यांचे नाव घातले, कारण पुस्तक त्यांच्यासाठी हवे होते. दोन महिन्यांनी वाचनालयातून फोन आला. रोज्यावरचे स्वतंत्र पुस्तक मिळाले नव्हते. पण मधुमेहावरचे एक नवे मराठी पुस्तक आले होते, आणि ग्रंथपालबाईंनी ओळखीच्या एका डॉक्टरबाईंकडून रमजानसाठीचे एक पान लिहून घेऊन त्यात ठेवले होते. खाला स्वतः ते आणायला गेल्या. आयुष्यात पहिल्यांदा वाचनालयाची पायरी चढल्या. आता नात दुपारी त्यांना ते पुस्तक वाचून दाखवते. गोळ्यांबद्दल डॉक्टरांना कधी भेटायचे, त्याची तारीख त्यांनी दिनदर्शिकेवर स्वतः लिहून ठेवली आहे, रमजानच्या बरोबर दोन महिने आधीची. या वेळी सगळे रोजे जमतील की काही सोडावे लागतील, ते डॉक्टरांशी बोलून ठरेल. खाला म्हणतात, "सोडावे लागले तर सोडीन. पण या खेपेला विचारून सोडीन."

तुमच्या वाचनालयाच्या नोंदवहीत तुम्ही काय लिहिले, ते आम्हाला जरूर कळवा.